दोन गोडे, एक खारा

इराण मी पाहिलेला नाही. तरी बुशहरच्या बंदरापासून शिराजपर्यंत कोणत्या मुक्कामाला विहिरीचं पाणी खारं लागतं आणि कोणत्या मुक्कामाला गोडं, कोणत्या घाटात गुडघाभर बर्फ असतो आणि तोच घाट उतरल्यावर दोन दिवसांत खजुराची झाडं कशी दिसू लागतात, हे मी आजही न अडखळता सांगतो. नातवंडं हसतात. म्हातारा ऐकीव सांगतो म्हणतात. ऐकीवच आहे. पण ज्यानं ते मला ऐकवलं त्यानं मला सोबत न्यायचा शब्द दिला होता, आणि अकोल्यात एका निंबाखाली, दिवस उजाडताना, तो शब्द परत घेतला. चूक त्याची की माझी, याचा निवाडा मी पन्नास वर्षं करत आलो आहे. दर वेळी निकाल माझ्या बाजूनं लागतो. वाचणाऱ्यानं आपला निकाल आपण द्यावा.

आमचं घर अमरावतीत, पिंजाऱ्यांच्या गल्लीत. एक खोली, पुढं पडवी, आणि पडवीच्या आढ्याला टांगलेली अब्बांची धनुकली, म्हणजे कापूस पिंजायचं माणसाएवढं धनुष्य. तिला बकऱ्याच्या आतड्याची तांत. लाकडी मोगरीनं तांतीवर ठोका दिला की ती गुणगुणायची, आणि खालची रुई फेसासारखी उडायची. त्या आवाजानं मी झोपलो आणि त्याच आवाजानं उठलो. रुईचे तंतू आमच्या भाकरीत, वरणात, अम्माच्या पापण्यांवर. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या ताटात पडल्या की अम्मा आधी फुंकर मारायची, मग वाढायची. पाहुण्यांना वाटे ती काही मंत्र म्हणते.

चाळीस वर्षं तांतीजवळ कान ठेवून अब्बांना ऐकू येणं कमी झालं होतं. पिंजाऱ्याचं अर्धं ज्ञान कानात असतं. रुई कोरडी असली तर तांत गाते. ओलसर असली तर ती ठस्स करते, जणू कुणी उशीवर गुद्दा मारला. हाताला न कळणारा ओलावा तांतीला कळतो. म्हणून मी मिसरूड फुटायच्या आतच अब्बांचा कान झालो. ते ठोका देत, थांबत, आणि माझ्याकडे पाहून विचारत, "तांत काय म्हणून राहिली?" मी म्हणायचो, "गाऊन राहिली," किंवा, "नाई अब्बा, दबून राहिली." दबली की ते रुई उचलून पुन्हा उन्हात पसरत. माझ्या शब्दावर त्यांनी कधी दुसऱ्यांदा ठोका मारला नाही.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. दूर कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्याच काळ्या जमिनीतला कापूस हवासा झाला, एवढंच आम्हाला कळलं. शिवारं सगळी पांढरी झाली. ज्वारी पेरायला कुणी तयार नाही, त्यामुळे भाकरी महागली. आमचा धंदा तर उलटाच फिरला. पूर्वी लोक गाद्या भरायला यायचे, आता भरलेल्या गाद्या उसवायला येऊ लागले. आजेसासूच्या रजईतली रुईसुद्धा लोकांनी काढली, आमच्याकडून पिंजून घेतली आणि नवी म्हणून बाजारात नेली. ज्या वऱ्हाडात कापूस पिकतो त्या वऱ्हाडात त्या हिवाळ्यात म्हातारी माणसं गोणपाट पांघरून निजली.

मी बाजारात जायला लागलो. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचा. भोवतालच्या माणसांना फक्त चेहरे दिसत. मला हे पाण्यासारखं आलं. चेहरा दगडाचा ठेवायचा आणि बोटांनी भांडायचं. माझा स्वभाव तापट होता, तोंड उघडलं की बिघडायचं. रुमालाखाली मात्र मी राजा होतो.

कासमचाचानं मला तिथंच हेरलं. तो अकोल्याचा घोड्यांचा व्यापारी, लाल दाढीचा, एका डोळ्यावर फूल पडलेलं. कापसाच्या पैशानं प्रत्येक पाटलाला घोडा हवा झाला होता, आणि मुंबईच्या तबेल्यांत भाव गगनाला भिडले होते. कासमचाचा तीनदा इराणला जाऊन आला होता. या वेळी थेट शिराजपलीकडच्या मैदानातून घोडे आणायचे, असं त्यानं ठरवलं. भांडवल अमरावतीच्या दौलतशेटचं.

त्यानं माझ्या हातावर रुमाल टाकला आणि नुसत्याच खेळातल्या एका घोडीचा सौदा केला. मी त्याला खूप खाली आणलं.

"तुले फारसी येते का रे?" त्यानं विचारलं.

"नाई."

"बोटाले भाषा लागत नाई. चाल माह्यासंग. सौदे तू करशीन, घोडे मी पाहीन."

त्या दिवशी मी घरी धावतच आलो. अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतलं कुणी मूर्तिजापूरच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. अम्मानं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. अब्बांना तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं. कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग माह्यासाठी कोण ऐकीन?"

पुढचा दीड महिना तयारीचा. कासमचाचा दर आठवड्याला अमरावतीला येई आणि पडवीत बसून तो मुलूख आमच्या जमिनीवर बोटानं काढून दाखवी. त्याचं म्हणणं असं, की इराण म्हणजे एक देश नाही, एकावर एक रचलेले चार देश आहेत. आधी किनारा, तिथं उन्हाळ्यात माणूस उभ्यानं शिजतो. मग पायऱ्यांसारखे घाट, त्यांवर बर्फ. मग थंड, गवताळ मैदान. आणि त्याच्या पलीकडे मिठाचं वाळवंट. "उन्हाळ्यात गेलं तं किनारा मारते, हिवाळ्यात गेलं तं घाट मारते," तो म्हणे. "मी हिवाळ्यात जातो. घाटासाठी डगला शिवता येते. किनाऱ्याले इलाज नाई."

जोडे नवे असून उपयोगाचे नव्हते. त्यानं मला जोडे करायला लावले आणि ते पायात घालून तीन दिवस धारणीच्या वाटेनं मेळघाटात चालवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या टाचेचं रक्त जोड्यात पाहून तो खूश झाला. "घरी निघालं ते बरं," म्हणाला. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं, म्हणून अम्मानं एरंडेलाचं काजळ धरून डबी भरली. ते डोळ्यांत नाही, डोळ्यांखाली गालावर थापायचं. पाण्याची मशक आठ दिवस भरून ठेवून तिचा वास घालवला. ज्वारीची भाकरी बोटीवर बुरसते, म्हणून भाजलेल्या ज्वारीचं पीठ, गूळ, फुटाणे, लसणाची कोरडी चटणी. गूळ वेगळा बांधायचा, कारण किनाऱ्यावर तो पाघळतो आणि घाटात दगड होतो. मी हे सगळं पाठ केलं. रात्री अंथरुणात पडून एकापासून शंभरापर्यंत फारसी आकडे म्हणत असे. बोटांना भाषा लागत नसली तरी समोरचा आपल्या माणसाशी काय पुटपुटतो ते कळायला हवं होतं.

आणि रुई भरलेले तीन डगले. कासमचाचाचा, माझा, आणि तिसरा दौलतशेटचा भाचा माधव याचा. आपला माणूस सोबत गेलाच पाहिजे, ही शेटची अट होती. माधव माझ्याच वयाचा, गोरा, मऊ हातांचा. रुई शेटच्या गोदामातून आली, तीन गाठोडी. पहिल्या गाठोड्यावर अब्बांनी ठोका दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दबून राहिली," मी म्हणालो.

उन्हात पसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोका. पुन्हा दबली. अब्बांनी एक पुंजका जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. खारा होता.

इथं थोडं सांगायला हवं. भातकुलीकडचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. वजन वाढवायला कापसावर पाणी शिंपडायची लबाडी तेव्हा बहुतेक करत. पण साधं पाणी उडून जातं. खाऱ्या विहिरीचं पाणी शिंपडलं की मीठ रुईत बसतं आणि दर पहाटे हवेतलं दंव ओढून घेतं. वजन कधी उतरत नाही. विकणाऱ्याला ते बरं. पण बर्फाच्या घाटात अंगावर तसा डगला असला, तर रात्रभरात तो भिजतो, आणि भिजलेला डगला पांघरून माणूस सकाळी उठत नाही. अब्बांनी हे मला सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं. "गोड्या पान्यानं धुवा लागीन. तिन्ही."

गोडी विहीर अर्ध्या कोसावर. रुई धुवायची म्हणजे घागरीवर घागर, मग पिळायची, दोन दिवस वाळवायची, आणि चिकटून बसलेली ती रुई नव्यानं पिंजायची. मी कासमचाचाची रुई धुतली. मग माझी. दोन्ही वेळा तांत गायली. अम्मानं दोन डगले टाचले. निघायला चार दिवस उरले होते, आणि तिसरं गाठोडं पडवीत तसंच होतं, तेव्हा दौलतशेटनं मला बोलावलं.

शेट तक्क्याला टेकून पान लावत होते. माधव शेजारी.

"ठरलं बरं का," शेट म्हणाले. "तठी सौदे माधव करीन. तू घोड्यायले पानी पाजशीन, सामान सांभाळशीन."

"कासमचाचानं मले सौद्यासाठी घेतलं."

"कासम घोडे पाहते. पैसा कोनाचा हाये?"

"तुमच्या भाच्याले रुमालाखाली अंगठा कोनता अन् करंगळी कोनती हे तरी कळते का?"

शेट हसले. माधवही हसला, आणि म्हणाला, "काहून तापून राहिला बे पिंजाऱ्या? माह्या डगल्याची बाही जराशी लांब ठेव. मले थंडी सोसत नाई."

मी घरी आलो तो कानशिलं जळत होती. तिसरं गाठोडं विहिरीकडे नेलं, आणि दोन दिवसांनी न धुताच परत आणलं. अब्बा धनुकलीपाशी बसलेले. त्यांना वाटलं मी ते धुऊन वाळवून आणलं. मी सकाळी तसं सांगितलंही होतं. मी गाठोडं उचललं आणि सोडून त्यांच्यापुढं ओतलं. जशी आली होती तशीच रुई. ज्यांचं पाणी त्यांच्याच अंगावर जाऊ दे, हे शब्द मी मनात नेमके म्हटले. मला ते आठवतात.

अब्बांनी ठोका दिला. ठस्स.

"हाताले जड लागून राहिली," ते म्हणाले. "तांत काय म्हणून राहिली?"

"नवी तांत हाये, अब्बा. गाऊन राहिली."

त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पिंजायला लागले. सगळं गाठोडं संपेपर्यंत मी तिथं उभा राहून तो ठस्स ठस्स आवाज ऐकला, जो त्या घरात फक्त मलाच येत होता. अम्मा तेवढ्यात गोड्या विहिरीवर गेली होती.

निघताना अम्मानं माझ्या दंडावर हिरव्या फडक्यात एक नाणं बांधलं. आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याला असं बांधतात. सुखरूप पोचलं की ते सोडून दान करायचं. ते नाणं माझ्यापाशी अजून आहे. पोचलोच नाही, तर दान कुठं करायचं?

शेटच्या दमणीतून मी आणि माधव अकोल्याला निघालो. बैलांची ती हलकी गाडी दगडागोट्यांवरून उडत होती. तीन डगले मेणकापडात गुंडाळून पेटीत होते, आणि पेटीवर मी बसलो होतो. पहिल्या दिवशी माधव फुशारक्या मारत होता. दुसऱ्या दिवशी गप्प झाला. मूर्तिजापूरच्या मुक्कामाला बैल सोडल्यावर तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"बर्फ कसा असते रे?"

"मले काय ठाव."

"तू तं सगळं शिकला म्हणतात." त्यानं काडीनं मातीत रेघ ओढली. "मी मायले सोडून एक रात बाहेर निजलो नाई. मामा म्हणते जा, मंग जाऊन राहिलो." त्यानं डब्यातून तिळाचा लाडू काढला आणि माझ्या ओंजळीत वरून टाकला, बोट लागू न देता.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तो लाडू वरून पडला, आणि मी तोंड मिटलं. आज माझ्या स्वतःच्या कापसाच्या गोदामात असले शंभर माधव हात जोडून उभे राहतात आणि त्या गोष्टीचा मला राग येत नाही. त्या दिवशी आला. रागाची वेळ कोण ठरवतं?

अकोल्याला कासमचाचाचं आवार घोड्यांच्या लिदीच्या वासानं भरलेलं, मधोमध निंब. त्यानं संध्याकाळीच पेटी उघडली, तिन्ही डगले एकेक करून काट्यावर तोलले, वजनं कोळशानं भिंतीवर लिहिली, आणि डगले निंबाच्या फांदीला उघड्यावर टांगले. मी विचारलं, हे कशाला.

"घोड्याच्या खोगिराखालची गादी असते ना," तो म्हणाला. "घाम जिरून जिरून खारी होते. दिवसा कोरडी दिसते, सकाळी ओली. पाठीले फोड येतात तव्हा माणसाले कळते. मी गादी अशीच पाहतो."

सकाळी दंव पडलं होतं. माधव विहिरीवर तोंड धूत होता. कासमचाचानं डगले पुन्हा तोलले. पहिला, दुसरा, भिंतीवरच्या आकड्याला येऊन थांबले. तिसऱ्याचं पारडं खाली गेलं. पावशेरानं जड भरला. त्यानं शिवण थोडी उसवली, पुंजका काढून जिभेवर ठेवला. मग पहिल्या दोन्हींचाही तसाच चाखला.

"पानी शेटच्या गोदामातलं हाये," मी म्हणालो. "मी नाई शिंपडलं."

"तिन्ही खारे असते तं म्हटलं असतं, शेटनं फसवलं. दोन गोडे, एक खारा. कोनीतरी दोन धुतले." त्यानं फूल पडलेला डोळा माझ्यावर रोखला. "तिसऱ्याच्या वक्ताले तुले ठाऊक होतं."

"माही जागा त्याले देली शेटनं. तुमी तठी नव्हते. मले पानी पाजाले ठेवून राहिले."

"मंग माह्यापाशी भांडाचं होतं. मी शेटपाशी भांडलो असतो. घोडे माह्यावाचून कोन आणते?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता. "घाटात वाट हातभर असते, गुलाब. एकाच्या मागं एक चालाचं. तू मागं असला, तं मी पुढं पाहू का मागं पाहू?"

मी बरंच बोललो. तोंड सुटलं माझं. दीड महिना, टाचेचं रक्त, शंभरापर्यंतचे आकडे, शेटची लबाडी, वरून टाकलेला लाडू, सगळं काढलं. त्यानं ऐकून घेतलं. रुमालाखाली मला जिंकू देणारा तो माणूस एक बोटभरही हलला नाही. शेवटी त्यानं निंबावरून माझा डगला उतरवला आणि विहिरीकडे हाक मारली.

"माधवराव, हा घाला. तुमचा बाहीत आखूड झाला. गुलाब येत नाई. त्याच्या अब्बाले ऐकू येत नाई, घरी माणूस पायजे."

माधवनं डगला घातला, हात पुढं करून पाहिला. "बरोबर झाला," म्हणाला. कासमचाचानं काजळाची डबीही मागितली. मी दिली. गालावर कुठं थापायचं तेही माधवला मीच दाखवलं, माझ्या स्वतःच्या गालावर बोट ठेवून.

ते दीड वर्षानं परतले, तोवर भाव कोसळले होते आणि शेटचं दुकान बसलं होतं. माधव आमच्या गल्लीत आला. डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. घाटात सोबतचे दोन खेचरवाले गारठून मेले, असं तो म्हणाला. "तुमच्या घरच्या डगल्यानं वाचलो, गुलाबभाऊ." कासमचाचानं त्याला कधी सांगितलं नाही. मीही नाही. माझ्यावर उपकार करून मला गप्प ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी माफ केलेलं नाही. शेटला शिक्षा नाही, भाच्याला डगला, आणि जो दीड महिना राबला त्याला अमरावतीची वाट. कोणत्या बाजारात हा सौदा रास्त ठरेल?

पण मला सांगायचं आहे ते घरी आल्यावरचं. मी परतलो तो खारा डगला खांद्यावर घेऊन, दुपारचा. अम्मा भाकरी थापायची थांबली. मी म्हणालो, बेत मोडला. अब्बांनी डगला मांडीवर घेतला, शिवण उसवली, पुंजका जिभेवर ठेवला.

मग त्यांनी सगळी रुई काढून फडक्यात बांधली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन गोड्या विहिरीकडे निघाले. मी घागर घ्यायला पुढं झालो. त्यांनी हातानं थांबवलं.

दोन दिवस ती रुई आमच्या छपरावर वाळली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती धनुकलीखाली पसरली. मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो, त्यांच्या उजव्या खांद्याशी, आणि वाट पाहिली. त्यांनी मोगरी उचलली. पण ठोका देण्याआधी ते वाकले आणि धनुकलीच्या लाकडाला त्यांनी आपला गाल लावला, तान्ह्याच्या छातीला लावावा तसा. डोळे मिटले. ठोका दिला.

तांत गात होती. मला स्वच्छ ऐकू येत होती. अब्बांनी गाल तसाच ठेवून दुसरा ठोका दिला, मग तिसरा, आणि पिंजायला लागले. मला त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं ते अकरा वर्षं जगले, त्यांत एकदाही नाही.